खिळा नाही, मग नाव टिकली कशी? (प्राचीन इजिप्तच्या होड्या)

वैशाखी_ब · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न माझ्यापेक्षा माझ्या बाबांचा आहे. बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. दारं-खिडक्या, देव्हारे, झोपाळे. २०१८ साली आम्ही त्यांना इजिप्त दाखवायला नेलं. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला अगदी खेटून, दक्षिणेच्या अंगाला तेव्हा एक वेगळं संग्रहालय होतं. आत एकच वस्तू, खुफू राजाची नौका. (२०२१ मध्ये ती तिथून नव्या मोठ्या संग्रहालयात हलवली.) बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या आणि मगच आत जायचं.

सगळे लोक वर बघत होते, तिची उंच नाळ, सुबक वल्ही वगैरे. बाबा मात्र खालीच थांबले, तळाखाली. मान वर करून एकेक फळी बघत पुढे सरकत होते. अर्ध्या तासाने मी हाक मारली तर म्हणाले, "अगं, ही दोरांनी बांधलीय म्हणतेस ना? मग बाहेरून एक भोक दिसत नाही. दोर गेला कुठून?"

नाव ४३ मीटरच्या वर लांब, १२२४ तुकड्यांची, साडेचार हजार वर्षं जुनी. खिळा एकही नाही. फोटोंचे अल्बम बघताना परवा बाबांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. तर जाणकारांनी सांगा: दोर कुठून गेला? फळ्यांच्या फटीतून पाणी कसं शिरलं नाही? आणि असली नाव खरंच पाण्यात चालायची का?

शिलालेख_वाचक · शनिवार, रात्री १०:२५

बाबांना आधी नमस्कार सांगा. तळाखाली थांबून भोक शोधणारा प्रेक्षक विरळा.

दोर फळीच्या आरपार जातच नाही. फळी चांगली पाच-सहा इंच जाड समजा. तिच्या आतल्या तोंडावर दोन भोकं पाडायची, दोन्ही तिरकी, अशी की लाकडाच्या पोटात ती एकमेकांना भेटतील. म्हणजे आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा बोगदा झाला. दोर एका भोकातून आत शिरतो आणि दुसऱ्यातून परत आतल्याच अंगाला बाहेर येतो. फळीची बाहेरची बाजू कोरी. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवावी तसा हा दोर एका काठापासून तळावरून दुसऱ्या काठापर्यंत आडवा ओवत नेलाय. प्रत्येक फळीत शिरतो, निघतो, पुढच्या फळीत जातो. ताणला की सगळ्या फळ्या एकमेकींवर आवळल्या जातात.

फळ्या वर-खाली सरकू नयेत म्हणून कडांमध्ये कुसू, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभा, बसवलेत. दोन्ही फळ्यांना समोरासमोर खाच, मध्ये लाकडी कुसू. पण त्या कुसवाला आडवी खुंटी मारून पक्कं केलेलं नाही. म्हणजे दोर सोडला की नाव सुटी. शिवाय सांध्यांवर आतून अर्धगोल पट्ट्या ठेवून त्याच दोराखाली दाबल्यात.

आणखी एक गोष्ट बाबांना आवडेल. आपल्याकडे आज होडी बांधताना साधारण सांगाडा उभा करून त्यावर फळ्या चढवतात. तिकडे उलट. आधी फळ्यांचं कवच, मग आतून फासळ्या बसवून त्याही दोरानेच बांधायच्या. नावेचा आकार सांगाड्यामुळे नाही, फळी तासणाऱ्याच्या हातामुळे येतो.

मधुरा_पेण · शनिवार, रात्री १०:५०

नाडीचं उदाहरण एका क्षणात कळलं. वाचतेय.

नाखवा_हर्णै · रविवार, सकाळी ७:१५

पाण्याचं मी सांगतो, इजिप्त पाहिलेलं नसलं तरी. आमच्याकडं पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. उन्हाळ्यात ओढून ठेवलेली होडी असेल तर फळ्या सुकून फटी पडतात, बोट जाईल एवढ्यासुद्धा. ती तशीच पाण्यात लोटली की पहिल्या दिवशी पाणी भरतं. भरू द्यायचं. दोन-तीन दिवस पाणी उपसत राहायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फट आपोआप मिटते. नवीन माणूस घाबरतो, जुना नाखवा तोवर जाळी विणत बसतो.

त्यांच्या बाबतीत दोरही त्याच कामाला लागतो. तंतूचा दोर ओला झाला की जाड होतो आणि लांबीला आखडतो. फळी फुगतेय आणि दोर आखडतोय, दोघं मिळून सांधा आवळणारच. खिळ्याचं तसं नाही. खिळा आहे तेवढाच राहतो, वर खारं पाणी त्याला खातं.

शंकासुर · रविवार, सकाळी ९:०५

सगळं पटलं, पण एक हरकत नोंदवतो. खुफूची नाव बघून "इजिप्तचे लोक अशा होड्या बांधायचे" असं म्हणणं म्हणजे राजवाड्यातला रथ बघून गावातली बैलगाडी समजून घेण्यासारखं आहे. ती लेबनॉनहून आणलेल्या देवदाराची आहे. राजाच्या दफनाशी जोडलेली. सुटी करून, तुकडे रचून, पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात ठेवली आणि वर ४१ प्रचंड चुनखडी शिळा टाकून बंद केली. तिला शिडाची डोलकाठीसुद्धा नाही. माझं मत, ती एकतर पाण्यात गेलीच नाही, किंवा एकदाच गेली, राजाचं शव घेऊन.

साध्या माणसाच्या नाईलवरच्या होडीबद्दल कोणी बोलेल का?

शिलालेख_वाचक · रविवार, सकाळी ११:३०

शंकासुर, हरकत रास्त आहे. साध्या माणसाची होडी मुळात लाकडाचीच नव्हती. पपायरस नावाच्या लव्हाळ्याचे भारे बांधून केलेला तराफा, दोन्ही टोकं वर वळवलेली. मासे पकडायला, पाणपक्षी मारायला, दलदलीतून गुरं पलीकडे न्यायला. थडग्यांच्या भिंतींवर ही दृश्यं इतकी आहेत की मोजता येत नाहीत. कोळी एकमेकांना काठ्यांनी ढकलतायत, एक जण पाण्यात पडतोय, हेही आहे.

लाकडाची अडचण अशी की इजिप्तमध्ये चांगलं लाकूड नव्हतंच. बाभूळ, तमारिक्स, उंबराच्या जातीची झाडं. सगळी आखूड, वाकडी, गाठींची. लांब सरळ फळी हवी तर देवदार, आणि तो समुद्रापलीकडून, बिब्लोस बंदरातून. जुन्या राजांच्या नोंदी कोरलेल्या पालेर्मो शिलेवर राजा स्नेफेरूच्या काळात देवदाराने भरलेली ४० जहाजं आल्याची नोंद आहे. स्नेफेरू हा खुफूचा बाप. खुफूच्या नावेतली सगळ्यात लांब फळी २३ मीटरच्या आसपास आहे, यावरून ते झाड केवढं असेल बघा.

बाभळीतूनही मोठी कामं झालीच. वेनी नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या आत्मवृत्तात कोरून ठेवलंय की त्याने बाभळीचा ६० हात लांब, ३० हात रुंद तराफा १७ दिवसांत बांधून घेतला, हातनूबच्या खाणीतला दगड आणायला. इजिप्तचा राजहात सुमारे ५२ सेंटीमीटरचा. म्हणजे ३१ मीटर लांब आणि जवळजवळ १६ मीटर रुंद.

सुतारपक्षी · रविवार, दुपारी १२:१०

बाभूळ तासून सतरा दिवसांत! ज्याने ओली बाभूळ तासलीय त्यालाच हा आकडा कळेल. वाळल्यावर तर वाकसाची धार जाते. आणि त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, तांब्याची हत्यारं. दर थोड्या वेळाने घासायची, ठोकून पुन्हा कडक करायची. रंधा नव्हता, दगडाने घासून गुळगुळीत करायचे. सक्कारातल्या ती नावाच्या माणसाच्या थडग्यात होडी बांधण्याचं दृश्य आहे ते जरूर बघा. एक जण करवतीने कापतोय, काही जण तासणीने तासतायत, पटाशीवर मोगरी हाणतायत. आमच्या आजोबांच्या पडवीतलं दृश्य वाटतं. हत्याराचा आकार इतक्या वर्षांत फार बदललेला नाही.

अनुराधा_क · रविवार, दुपारी ३:४५

हाच विषय इतिहासाच्या तासाला मुलांना सांगते तेव्हा मी एका गोष्टीपासून सुरू करते. हीसुद्धा स्नेफेरूची, पपायरसाच्या एका जुन्या कागदावर लिहिलेली. राजाला करमत नव्हतं. जाजाएमआंख नावाच्या जादूगाराने सुचवलं, तळ्यावर नाव काढा आणि वीस तरुण मुलींना वल्ही मारायला लावा. वल्ही आबनुसाची, सोन्याने मढवलेली. नाव छान चालली होती. इतक्यात पुढच्या मुलीच्या केसातला माशाच्या आकाराचा फिरोज्याचा दागिना पाण्यात पडला. तिने वल्हं थांबवलं, मग तिच्या बाजूच्या सगळ्या थांबल्या. राजा म्हणाला, दुसरा देतो. ती म्हणाली, मला माझाच हवा.

मग जादूगाराने तळ्याचं अर्धं पाणी उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवलं, घडी घालावी तसं. तळाशी खापरावर दागिना पडलेला सापडला. पाणी परत जागच्या जागी.

वर्गातल्या मुली दर वर्षी त्या वल्हेवालीचीच बाजू घेतात.

बाळ्या_चिपळूणकर · रविवार, दुपारी ४:०२

तिचंच बरोबर. आईने दिलेला असणार.

फेलुका · रविवार, संध्याकाळी ६:३०

मी कामानिमित्त तीन वर्षं वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये होतो. नाईलबद्दल एक गोष्ट समजली की निम्मं नौकाशास्त्र समजतं: नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक दिवस उत्तरेकडून दक्षिणेला येतो. म्हणजे खाली जाताना प्रवाह तुम्हाला नेतो, वर येताना शीड उभारलं की वारा नेतो. जाण्या-येण्याची अशी फुकट सोय क्वचित कुठल्या नदीवर असेल. संध्याकाळी लक्सरच्या काठावर बसलं की आजही दिसतं, दक्षिणेला जाणाऱ्या फेलुकांची (तिकडच्या शिडाच्या होड्या) शिडं फुगलेली, उत्तरेला जाणाऱ्यांची बऱ्याचदा गुंडाळलेली.

हे त्यांच्या लिपीतही उतरलंय. "दक्षिणेला प्रवास" या शब्दापुढे शीड लावलेल्या नावेचं चित्र, "उत्तरेला प्रवास" पुढे शीड नसलेल्या नावेचं. अगदी रस्त्याने चालत जायचं असलं तरी!

यावरून त्यांची डोकी किती घट्ट नाईलला बांधलेली होती ते कळतं. पहिल्या थुतमोसच्या सैन्याने युफ्रेटिस नदी पाहिली तेव्हा ती दक्षिणेकडे वाहते याचंच त्यांना नवल वाटलं. राजाच्या शिलालेखात तिला उलटं पाणी म्हटलंय, प्रवाहाबरोबर जावं तर उलट दिशेला नेणारं.

मधुरा_पेण · रविवार, संध्याकाळी ७:००

चालत जाणाऱ्यालाही नावेचं चित्र! हे मी उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगणार.

शंकासुर · रविवार, रात्री ८:४५

फेलुका, वारा पडला तर काय करायचे तेही सांगतो, कारण माझा सगळ्यात आवडता तपशील तो आहे. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनपूर्व पाचव्या शतकात इजिप्तला गेला. त्याने 'बारिस' नावाच्या मालवाहू होडीचं वर्णन लिहून ठेवलंय. बाभळीच्या दोन-दोन हात लांबीच्या फळ्या, विटांसारख्या रचलेल्या. म्हणजे सांध्याखाली सांधा येऊ द्यायचा नाही. लांब कुसवांनी जोडलेल्या. फासळ्या नाहीत. फटींत पपायरस भरलेलं. सुकाणू एकच, तळातून खाली गेलेलं.

वर जाताना जोराचा वारा नसेल तर काठावरून दोराने ओढायचे. आणि खाली येताना? तमारिक्सच्या काठ्यांची चौकट, तिला बोरूची चटई शिवलेली, ही नावेच्या पुढे पाण्यात सोडायची. प्रवाह तिला जोरात पुढे ढकलतो, ती नावेला ओढते. मागे दोराला भोक पाडलेला जड दगड बांधून तो तळाशी घासत न्यायचा. पुढचा ओढतो, मागचा थोपवतो, आणि नाव मधल्या मध्ये सरळ राहते, आडवी फिरत नाही.

आता बघा, कितीतरी वर्षं विद्वान म्हणत आले की हेरोडोटसला नीट कळलं नसावं, असली होडी सापडलीच नाही. मग अलेक्झांड्रियाजवळ अबू कीरच्या उपसागरात थोनिस-हेराक्लिओन हे बुडालेलं बंदर फ्रँक गोदियोंच्या पथकाला सापडलं. तिथे सत्तरहून जास्त जहाजांचे अवशेष मिळाले. त्यांतल्या १७ व्या जहाजाचा अभ्यास अलेक्झांडर बेलोव यांनी केला आणि २०१९ मध्ये छापला. बाभळीच्या आखूड फळ्या, विटांसारखी रचना, एकेक कुसू दोन मीटरपर्यंत लांब, अनेक फळ्यांतून आरपार गेलेला. मागे तळात सुकाणूच्या दांड्यासाठी भोक. अडीच हजार वर्षांनी माणसाचं बोलणं खरं ठरलं!

म्हणूनच मी म्हणतो, कमाल बघायची तर देवदाराच्या राजनौकेत नको, या बाभळीच्या होडीत बघा. चांगल्या लाकडाचं चांगलं काम कोणीही करेल.

सुतारपक्षी · रविवार, रात्री ९:२०

शेवटच्या वाक्याला विरोध. २३ मीटरच्या फळीला आतून व्ही भोकं पाडायची, एक जरी आरपार गेलं तरी फळी वाया, आणि ती समुद्रापलीकडून आणलेली. हे "कोणीही" नाही करणार. पण दोन मीटरचा कुसू अनेक फळ्यांतून ओळंब्यात नेणं हेही भयंकर अवघड. दोघांनाही माझा नमस्कार.

मस्कतकर_निशा · सोमवार, सकाळी ८:१०

शिवलेल्या जहाजांचा विषय निघाला म्हणून. इथे मस्कतमध्ये अल बुस्तानच्या चौकात 'सोहर' नावाचं जहाज ठेवलंय. मी रोज त्याच्यासमोरून जाते. १९८० मध्ये ओमानहून निघून ते १९८१ मध्ये चीनला पोचलं. खिळा नाही, सगळं काथ्याने शिवलेलं. लाकूड केरळचं.

आपल्या नौदलाची 'कौंडिण्य' ही अशीच. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेली, गोव्यात बांधलेली, २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आली. तर मग ही विद्या इजिप्तहून इकडे आली असेल का?

शिलालेख_वाचक · सोमवार, सकाळी १०:००

निशाताई, टाका वेगळा आहे. आपल्या आणि अरबांच्या पद्धतीत शेजारच्या दोन फळ्यांच्या सांध्यावरून लांबीच्या दिशेने शिवत जातात, गोधडीचा टाका घालावा तसं, आणि भोकं फळीतून आरपार असतात. ती नंतर बुजवावी लागतात. इजिप्तच्या जुन्या नावेत दोर आडवा आणि लपलेला. दोन ठिकाणच्या लोकांनी आपापल्या गरजेने दोर हातात घेतला, एवढंच म्हणता येईल.

संबंध आहे तो फार पुढच्या काळातला, रोमन अमलाखालच्या इजिप्तचा. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतातलं सागवान मिळालं, त्यात जुन्या जहाजांचं मोडून पुन्हा वापरलेलं लाकूडही आहे. देवळाच्या आवारात एका भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत आपल्या सोपारा आणि कल्याणची नावं आहेत. पण तेव्हा खुफूला जाऊन अडीच हजार वर्षं झाली होती.

नाखवा_हर्णै · सोमवार, सकाळी १०:४०

सागवानाचं मोडलेलं जहाज कोणी फेकत नाही. आमच्या गोठ्याचे वासे जुन्या मचव्याचे आहेत.

फेलुका · सोमवार, दुपारी १:२०

तांबडा समुद्र आलाच आहे तर त्याबद्दल थोडं लिहितो, कारण "सुटी करता येणारी नाव" का हवी होती याचं उत्तर तिकडे आहे.

तांबड्या समुद्राच्या काठी झाडं नाहीत, पाणी नाही, वस्ती नाही. जहाज बांधायचं ते नाईलच्या काठी, कोप्टोसला. मग ते सोडायचं, फळ्या गाढवांवर आणि माणसांच्या खांद्यांवर टाकून वाळवंटातून समुद्रापर्यंत न्यायच्या, तिथे पुन्हा बांधायचं. पहिल्या सेनुस्रेतच्या काळातल्या एका शिलालेखात हे सगळं नोंदलंय, मोहिमेवर तीन हजारांहून जास्त माणसं होती. पुंत देशाला जाऊन धूप, आबनूस, माकडं घेऊन यायचं, आणि परत जहाज सोडून घरी न्यायचं.

ते बंदर म्हणजे वादी गवासिस. कॅथरीन बार्ड आणि रोदोल्फो फात्तोविच यांना तिथे खडकात खोदलेल्या गुहा सापडल्या. एका गुहेत दोरांची वेटोळी होती, नीट गुंडाळून, मधोमध आवळून, ओळीने ठेवलेली. जवळजवळ चार हजार वर्षं. खलाशी दोर ठेवून गेले, परत येऊ म्हणून. मी त्या वेटोळ्यांचा फोटो कितीदा बघितला असेल! वेटोळं घालायची पद्धत आजच्या फेलुकावाल्याचीच.

बाहेर देवदाराच्या फळ्या सापडल्या, समुद्रातल्या किड्याने पोखरलेल्या. खराब भाग तासून काढून चांगला भाग पुन्हा वापरायचे, त्या छिलक्यांचे ढीगही तिथेच. आणि लाकडी पेट्या, त्यांतल्या काहींवर "पुंतच्या अद्भुत वस्तू" असं लिहिलेलं.

याहून जुनं बंदर वादी अल-जर्फ, खुद्द खुफूच्या वेळचं. पिएर ताले यांच्या पथकाला तिथे २०१३ मध्ये मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली, लिखाण असलेलं सगळ्यात जुनं पपायरस. चाळीसेक माणसांची त्याची टोळी तुराच्या खाणीतली चुनखडी होडीत भरून गिझाला पोचवायची. आज तुरात मुक्काम, उद्या दगड घेऊन निघालो, परवा पोचलो, असं रोजचं. पिरॅमिडचा दगड कसा गेला याचं उत्तर त्याच्या रोजच्या नोंदींत आहे: होडीतून, कालव्यातून, पाणी वाढलेलं असताना.

अनुराधा_क · सोमवार, दुपारी २:५०

मेरेरच्या टोळीला जेवण कोण करत होतं याची मला उत्सुकता आहे. कारण मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये लाकडी होड्यांचे सुंदर नमुने सापडले, त्यात एक निव्वळ स्वयंपाकाची नाव आहे! साहेबाच्या नावेमागून ती चालायची. त्यावर बाया धान्य दळतायत, एक माणूस भाकरीची कणीक तिंबतोय.

बाळ्या_चिपळूणकर · सोमवार, दुपारी ३:०५

म्हणजे आमच्या वारीतल्या दिंडीमागचा ट्रक. पटलं.

मधुरा_पेण · सोमवार, रात्री ९:३०

अवांतर: त्यांच्या थडग्यांवर माणसं स्वतःबद्दल काय चांगलं लिहायची ते आज वाचलं. भुकेल्याला भाकरी दिली, उघड्याला वस्त्र दिलं, आणि ज्याला होडी नाही त्याला पलीकडे पोचवलं. तिसरं वाक्य वाचून थांबलेच. माझी आजी सावित्री नदीपलीकडे माहेरी जायची ती तरीने. पैसे नसले तरी तरीवाला बसवून घ्यायचा. आजीने त्याचं नाव शेवटपर्यंत लक्षात ठेवलं होतं.

अनुराधा_क · सोमवार, रात्री १०:१०

मधुरा, किती छान लिहिलंस. मेल्यावरही तिथे तरीवाला भेटतोच. माहाफ त्याचं नाव. तो मेलेल्याला विचारतो, होडीच्या भागांची नावं सांग. डोलकाठी म्हणते माझं नाव सांग, वल्हं म्हणतं माझं सांग, दोरसुद्धा. सगळी नावं आली तरच पलीकडे. जो होडी ओळखतो तोच पार होतो.

शंकासुर · मंगळवार, सकाळी ९:१५

सुंदर. पण वैशाखीताईंचा तिसरा प्रश्न राहिला: खुफूची नाव पाण्यात चालली का? माझं मत वर दिलंय. कोणाकडे उलट पुरावा?

शिलालेख_वाचक · मंगळवार, सकाळी ११:४०

दोन गोष्टी. १९५४ मध्ये कमाल अल-मल्लाख यांनी खड्ड्याच्या शिळांना भोक पाडलं तेव्हा देवदाराचा वास वर आला, एवढी ती सुरक्षित होती. मग हाज अहमद यूसुफ मुस्तफा या जीर्णोद्धारकाने ती उभी केली. त्याला होडी बांधता येत नव्हती. तो नाईलकाठच्या होडी बांधणाऱ्यांकडे जाऊन शिकला, आधी लहान नमुने केले, आणि खरी नाव पुन्हा पुन्हा जोडून-सोडून वर्षानुवर्षं खपला. फळ्यांवर जुन्या सुतारांच्या खुणा होत्या, नाळेची, मागची, डावी, उजवी, त्या कामी आल्या. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा सुतार पुढच्या सुताराला सांगून गेला होता की कुठली फळी कुठे.

दुसरी, फळ्यांवर जिथे दोर बसला होता तिथे लाकडावर दोराचे वळ उमटलेत. काही अभ्यासकांचं म्हणणं, ओल्या दोराने आखडून लाकूड दाबल्याशिवाय असे वळ उठत नाहीत. म्हणजे ती पाण्यात गेली असावी. शंकासुर म्हणतात तशी एकदाच गेली असेल, पण गेली.

आणि तंत्र चालतं याची खात्री झालीय. शेरिल वॉर्ड यांच्या पथकाने २००८ मध्ये वीस मीटरचं जहाज जुन्या इजिप्ती पद्धतीने बांधून तांबड्या समुद्रात शिडावर चालवलं. पाण्यात उतरवलं तेव्हा ते गळत होतं. लाकूड फुगू दिलं आणि गळती आटोक्यात आली.

नाखवा_हर्णै · मंगळवार, दुपारी १२:०५

म्हटलं नव्हतं?

वैशाखी_ब · पुढचा रविवार, संध्याकाळी ५:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर आले नाही कारण घरात वेगळंच चाललं होतं. मी बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. व्ही भोकांचं वाचलं तेव्हा "हां!" म्हणाले आणि उठून पडवीत गेले.

जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांचे दोन हातभर तुकडे घेतले. गिरमिटाने तिरकी भोकं पाडली. पहिल्या तीन वेळा ती आत एकमेकांना भेटलीच नाहीत, चौथ्या वेळी एक आरपार गेलं. सुतारपक्षी, तुमचं वाक्य बाबांनी तेव्हा मोठ्याने म्हटलं. शेवटी जमलं. कडांना दोन कुसू, काथ्याचा दोर ओवला, आणि खाटेचा दोर ताणतात तसा काठी घालून पिळला. सांध्याभोवती पुट्टीची पाळ करून वर पाणी ओतलं. खालून धार. रात्रभर भिजत ठेवलं तरी सकाळी थेंब चालूच.

बाबा म्हणाले, सागवान हलत नाही, म्हणून तर दाराला वापरतो. आंबा घ्यायला हवा. परत सगळं आंब्याच्या फळ्यांत केलं. पहिल्या दिवशी तशीच धार. संध्याकाळी थेंब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली हात फिरवला, कोरडा. गाठ सोडायला गेले तर सुटेना, बोटं दुखली. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर सैल झाली.

दोर काढल्यावर बाबांनी भोकाच्या तोंडाशी अंगठा फिरवला आणि मला बोलावलं. लाकडावर काथ्याचा पीळ उमटलाय, एकेक पदर मोजता येईल असा. म्हणाले, "त्या शिलालेखवाल्याला सांग, वळ खरे आहेत."

फोटो उद्या टाकते. आता त्यांना हातभर लांबीची पूर्ण नाव करायचीय. आंब्याच्या फळ्या संपल्यात.

शिलालेख_वाचक · पुढचा रविवार, संध्याकाळी ५:५०

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. बाबांच्या पाया पडतो. वळांचा फोटो जवळून काढा, शेजारी पट्टी ठेवून.

शंकासुर · पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

मत बदललं. ती पाण्यात गेली होती.

नाखवा_हर्णै · पुढचा रविवार, रात्री ८:००

वैशाखी, फळ्या विकत घेऊ नको. आमच्या वखारीत आंब्याचे तुकडे पडलेत, वाळलेले. बाबांना घेऊन ये, हवे तेवढे निवडू देत. आणि दोर काथ्याचा नवा नको, एकदा वापरलेला घ्या, नवा फार ताणतो.